भोपळ्याला दूध पाजू नका

मावशीने रविवारी फोटो पाठवला. भोपळ्याच्या वेलाला ब्लेडने पाडलेली चीर, चिरेत खुपसलेली वात, वातीचं दुसरं टोक दुधाच्या वाटीत. खाली प्रश्न : ‘दूध नासतंय, रोज बदलायचं का?’ जाऊन पाहिलं तर वाटीभोवती मुंग्यांची रांग आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना वेल बोटभर तपकिरी, दाबला की पाणी सुटेल इतका मऊ.

हा ‘घरच्या बागेत 100 किलोचा भोपळा’ या फॉरवर्डचा प्रताप. वेलाला दूध पाजा, नर फुलं खुडून टाका, बी कोणतंही चालेल, दर आठवड्याला मूठभर युरिया द्या आणि वेलावर एकच फळ ठेवा. मला तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी गप्प बसलो, ही माझी चूक.

आधी दूध. महाकाय जातीचा भोपळा ऐन भरात असताना दिवसाला 15 किलोही वाढतो. त्यातलं नव्वद टक्के पाणी धरलं, तरी दीड किलो कोरडा माल रोज फळात जायला हवा. पेलाभर दुधातलं पाणी काढलं तर उरतात जेमतेम 25-30 ग्रॅम. पाजणार किती?

वाटीतलं दूध कमी होतं, हे मावशीचं म्हणणं खोटं नाही. कापल्या जागेतून वेल थोडं पाणी ओढतो, थोडं वातीवरून उडून जातं. पण ती जलवाहिन्यांची, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची वाट. फळाला पोसणारी साखर पानांत तयार होते आणि रसवाहिन्या नावाच्या वेगळ्या नळ्यांतून फळाकडे जाते. दुधातली चरबी आणि प्रथिनं चिरेच्या तोंडाशीच अडकतात, नासतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. भोपळ्याचा ताजा वेल कापून बघा, जखमेवर लगेच रसाचा थेंब साचतो. त्यात पानांनी केलेली साखर असते. म्हणजे बाहेरून खाऊ घालायला जी चीर पाडायची, तिच्यातूनच वेलाचं स्वतःचं अन्न ठिबकणार! साखरपाण्याचं इंजेक्शन देणाऱ्यांनीही हेच वाचावं.

मग भोपळे एवढे मोठे होतात कसे? वनस्पतिशास्त्रज्ञ जेसिका सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास 2015 साली ‘प्लांट, सेल अँड एन्व्हायर्न्मेंट’ या नियतकालिकात आला. महाकाय वाणांची पानं तेवढ्याच क्षेत्रफळात इतरांपेक्षा जास्त अन्न तयार करत नव्हती. फरक होता रसवाहिन्यांच्या ऊतीत, ती त्यांच्यात जास्त होती. माल तोच, वाहतुकीचा रस्ता रुंद. आणि हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बियाण्यात आलेला आहे, वाटीतून येत नाही.

‘कोणतंही बी चालेल’ याचाही निकाल इथेच लागला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी ‘अटलांटिक जायंट’ हा वाण तयार केला आणि आजचे विक्रमी भोपळे बहुतेक त्याच्याच वंशातले. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा 1,247 किलो भरला. भाजीच्या भोपळ्यातलं बी लावलं तर भाजीचाच भोपळा येणार, आणि त्यात वाईट काही नाही.

नर फुलं ‘रस खातात’ म्हणून खुडायची? मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो. पराग मिळाला नाही की तो पिवळा पडून गळतो. मोठे भोपळे घेणारे तर सकाळी फूल उमलताच नर फुलाच्या पाकळ्या सोलून पराग स्वतः मादी फुलाला चोळतात, आणि इथे सल्ला काय, तर कचऱ्यात टाका.

युरियाने पानं माजतात, फळ रुसतं. एवढं पुरे.

एकच फळ ठेवायचा मुद्दा मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. वेलाची सगळी कमाई एका फळाला गेली तर ते मोठं होतंच. फक्त ते नीट धरलंय याची खात्री होईपर्यंत आणखी दोन राहू द्या.

मावशीच्या वेलाचा कुजका तुकडा मी कापून टाकला. पुढच्या तीन पेरांवर माती ओढलीय. भोपळ्याचा वेल पेरांतून मुळं सोडतो, त्या भरवशावर. शेंडा अजून ताठ आहे. वाटी तिने स्वतःच उचलून नेली, पण वात तेवढी धुऊन वाळत घातलीय.