पाच माणसं जमली म्हणजे गुन्हा होत नाही

शिमग्याला पंधरा दिवस असताना आमच्या वाडीची बैठक ठरली होती. नळपाणी योजनेच्या टाकीसाठी तहसीलदारांना निवेदन द्यायचं आणि पालखीच्या वाटेवर ढासळलेला दगडी गडगा बांधून घ्यायचा, एवढेच दोन विषय. सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, चौघे आले. बाकीचे घरीच थांबले, कारण आदल्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर एक संदेश आला होता. शेजारच्या काकींनी तो मला दाखवला आणि विचारलं, "भाऊ, तू कोर्टात असतोस ना, मग तूच सांग. पाच जणांत बसलं तर आता धरून नेतात काय?"

संदेश असा होता: "नवीन कायदा लागू. पाच किंवा जास्त माणसं एकत्र दिसली की बेकायदेशीर जमाव. १४४ कलम आता कायमचं. जमावात उभे असाल तर सगळे सारखेच दोषी. दोघांचं भांडण झालं तरी दंगलीचं कलम. महिलांना अटक होत नाही, म्हणून मोर्चात महिला पुढे ठेवा. ग्रुपवर काही आलं तर अ‍ॅडमिन जेलमध्ये. सर्वांना पाठवा."

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. असे संदेश दर दोन-चार महिन्यांनी येतात, पण या एकाने भरणारी बैठक मोडली, म्हणून त्यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो.

पहिलं वाक्य पाच माणसांचं. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली हे खरं. तिच्या कलम १८९ मध्ये पाचाचा आकडा आहे, हेही खरं. पण हा आकडा १८६० च्या दंड संहितेतही कलम १४१ मध्ये होता, त्यात नवीन काही नाही. आणि नुसत्या आकड्याने जमाव बेकायदेशीर ठरत नाही. पाच किंवा अधिक माणसांचा समान उद्देश कायद्याने सांगितलेल्या पाचांपैकी एक असावा लागतो. सरकारला किंवा सरकारी नोकराला बळाने धाकात ठेवणं. कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध करणं. नासधूस, अतिक्रमण किंवा दुसरा एखादा गुन्हा करणं. बळाने कुणाची मालमत्ता ताब्यात घेणं, किंवा वाटेचा, पाण्याचा चालत आलेला हक्क हिरावणं. आणि बळाने एखाद्याला तो बांधील नसलेली गोष्ट करायला लावणं किंवा त्याच्या हक्काची गोष्ट करू न देणं. यांतला एकही उद्देश नसेल तर पन्नास माणसं सहाणेवर बसली तरी तो बेकायदेशीर जमाव नव्हे. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे.

त्या पाचांपैकी चौथा उद्देश कोकणातल्या माणसाने दोनदा वाचावा. आपल्याकडे भांडणं होतात ती याच दोन गोष्टींवरून, वाट आणि पाणी. वहिवाटीच्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, तोंडाशी सात-आठ जण कोयते घेऊन उभे राहिले आणि वरच्या घरातल्या माणसाला म्हणाले, "आजपासून इथून जायचं नाही," तर तो बेकायदेशीर जमाव. मग ते आपल्याच वाडीतले, आपल्याच भावकीतले असोत. हत्यार चालवायची गरज नाही, धाक पुरतो. उलट अडवलेल्या माणसाने दहा शेजारी घेऊन तहसील कचेरी गाठली तर त्यात काडीचा गुन्हा नाही. त्याच्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो.

महाड आपल्याच कोकणात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली. तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. माणसं हजारोंनी होती, पण त्यांच्या मनात कुणाला इजा करण्याचा विचार नव्हता. त्यानंतर त्यांच्यावर चालून जाऊन त्यांना मारहाण करणारे टोळके संख्येने कितीतरी लहान होते. कलम १४१ ची व्याख्या या दोन्हींना लावून पाहा. हजारोंचा तो मेळा तिच्यात बसत नाही, लहान टोळकं मात्र पुरतं बसतं. पाचाचा आकडा मोजत बसणाऱ्याला मी नेहमी हे उदाहरण देतो.

एक सावधगिरी मात्र हवी. सुरुवातीला कायदेशीर असलेला जमाव पुढे बेकायदेशीर होऊ शकतो, असं कायदाच स्पष्ट सांगतो. मोठ्या घेराच्या जाळ्याने मासळी ओढणाऱ्या पर्ससीन बोटींविरुद्ध जेटीवर जमून मत्स्यव्यवसाय खात्याकडे कारवाई मागणाऱ्या मच्छीमारांचा जमाव कायदेशीर आहे. त्यातल्या वीस जणांनी होड्या काढून दुसऱ्याची जाळी कापायचं ठरवलं, तर त्या वीस जणांपुरतं चित्र त्या क्षणी बदलतं. मागणी रास्त आहे, पोटाची आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण खटला मागणीवर चालत नाही, जाळी कापण्यावर चालतो. आणि मग ज्याच्यावर कारवाई व्हायला हवी होती तो बोटमालक फिर्यादी होतो.

आता १४४. लोक ज्याला १४४ म्हणतात ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम. त्याच्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. ते मुळात गुन्ह्याचं कलम नाही. दंडाधिकाऱ्याला मनाई आदेश काढण्याचा अधिकार देणारं कलम आहे. आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी काढतो. तो लेखी असावा लागतो, त्यात कारणं द्यावी लागतात, आणि तो दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. राज्य सरकारला तो आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवता येतो. "कायमचं १४४" असं काही कायद्यात नाही. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, आणि रास्त मत मांडण्याला किंवा लोकशाही हक्क बजावण्याला दाबण्यासाठी हा अधिकार वापरता येणार नाही.

महाराष्ट्रात सणासुदीला आणि निवडणुकीत आपल्या कानावर पडतो तो बहुतेक वेळा दुसराच आदेश, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ चा. पोटकलम १ हत्यारं, काठ्या बाळगण्याबद्दल आहे, पोटकलम ३ जमाव आणि मिरवणुकीबद्दल. जमावबंदीचा हा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. म्हणून कुणी "बंदी आहे" म्हणालं की नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: आदेश कुणाचा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या हद्दीत. आदेश खरोखर लागू असेल तर मात्र तो पाळायचा. कलम १६३ खालचा आदेश मोडला तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जीविताला धोका किंवा दंगा उद्भवत असेल तर त्याहून जास्त. आदेश चुकीचा वाटत असेल तर तो रद्द करावा किंवा बदलावा असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. ही तरतूद त्याच कलमात आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात.

"सगळे सारखेच दोषी" या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते अधिक घातक. न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बेकायदेशीर जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला तर त्या वेळी जमावात सामील असलेला प्रत्येकजण त्याला जबाबदार ठरतो. दगड दुसऱ्याने मारला, ही सबब चालत नाही. पण 'सामील' या शब्दाला अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने मसाल्ती खटल्यात १९६४ मध्येच स्पष्ट केलं की नुसत्या कुतूहलापोटी बघत उभा राहिलेला माणूस जमावाचा सभासद होत नाही. पण हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात. बघे म्हणून उभे राहिलेले आणि मग बोटीचा हंगाम सोडून तारखांना येणारे तरुण मी पाहिले आहेत. शांतता बिघडेल अशा जमावाला पांगायचा हुकूम ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या गैरहजेरीत फौजदार देऊ शकतो. त्यानंतर जाणूनबुजून तिथे थांबणं हा वेगळा गुन्हा आहे. हुकूम कानावर आला की तिथून निघावं. तक्रार नंतर करता येते.

दोघांच्या भांडणाचं थोडक्यात. दंग्यासाठी आधी बेकायदेशीर जमाव हवा आणि त्याने बळ वापरलेलं हवं. बाजारपेठेत दोघे एकमेकांवर धावून गेले आणि सार्वजनिक शांतता भंगली, तर तो न्याय संहितेच्या कलम १९४ खालचा गुन्हा, एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आणि घराच्या आत झालेली मारामारी त्यातही बसत नाही. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६५ मध्ये राम मनोहर लोहिया खटल्यात एकात एक तीन वर्तुळं कल्पून साधं भांडण आणि सार्वजनिक अव्यवस्था यांतला फरक समजावला: सगळ्यांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यांत आतलं राज्याच्या सुरक्षेचं. दोन दारुड्यांच्या झटापटीने पहिलं बिघडतं, म्हणून दुसरं बिघडलं असं होत नाही.

महिलांबद्दलच्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला. महिलांना अटक होत नाही, हे साफ खोटं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेच्या अटकेवर बंधन घातलं आहे. अपवादात्मक परिस्थितीत तेव्हाही महिला अधिकारी, लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन अटक करू शकते. दिवसा नेहमीसारखी अटक होते. कोकणातल्या बायका आंदोलनात पुढे असतात त्या स्वतःच्या मनाने, कारण पाणी त्याच भरतात आणि मासळीही त्याच विकतात. त्यांना ढाल म्हणून उभं करायचं आणि वर खोटा दिलासा द्यायचा, हे अक्षम्य आहे. पुढे उभ्या राहणाऱ्या बाईला खरा कायदा माहीत असला पाहिजे, मग निर्णय तिचा.

अ‍ॅडमिनची भीती तशीच. समान इराद्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. मजकूर टाकणाऱ्याची जबाबदारी मात्र राहते. गटागटांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला न्याय संहितेचं कलम १९६ आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

हे सगळं मी काकींना ओटीवर बसून सांगितलं. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे टाकीचं निवेदन द्यायला आम्ही वीस जणी गेलो तर?" मी म्हटलं, बंदीचा आदेश लागू आहे का, एवढं आधी ठाण्यात विचारून घेऊ आणि जाऊ. ठाण्यात विचारलं, आदेश नाही. बैठक येत्या रविवारी चार वाजता सहाणेवर आहे.