साहेब येणारेत, प्रश्न विचारायचाय? मग हे वाचून जा

तर पालकहो, पोरांच्या शाळेत मंत्रीसाहेब येणारेत, गेटवर 'पालकांशी थेट संवाद' असा फ्लेक्स लागलाय आणि तुम्ही वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहायला घेतलेत. पेन जरा खाली ठेवा. आधी हे ठरवा की तुम्हाला उत्तर पाहिजे की फोटो. उत्तर मिळालेला पालक माझ्या तरी बघण्यात नाही, फोटो मात्र सगळ्यांना मिळतो, त्यामुळे इस्त्रीचे कपडे घालून जा.

कार्डावर १० ची वेळ असेल तर साडेबारा धरून चाला. तोवर पोरं गेटपाशी दोन रांगांत उभी असतात, हातात पाकळ्यांची ताटली, निम्म्या पाकळ्या एकमेकांवर उधळून संपलेल्या, आणि पीटीच्या सरांचा ओरडून घसा बसलेला. आपण हाफ डे टाकून आलोय हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. साहेब तुमच्यासाठी तीन कार्यक्रम सोडून आलेले असतात, ते स्वतःच सांगतात की.

आता प्रश्न. पहिली गोष्ट, प्रश्न कुठल्या खात्याचा आहे ते नीट बघून घ्या नाहीतर तुमचाच पोपट होतो. पोरगं अंगणवाडीत असेपर्यंत ते महिला व बालविकासचं असतं, सहा वर्षांचं होऊन पहिलीत गेलं की शालेय शिक्षणचं होतं, शाळा झेडपीची असेल तर वरचं गळकं छप्पर ग्रामविकासचं, महापालिकेची असेल तर नगरविकासचं, आणि आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकासचं. पोरगं एकच आहे, ते भिजतं पण एकाच पावसात, पण तुम्ही छपराचं विचारलंत आणि साहेब शिक्षणवाले निघाले तर ते अगदी मनापासून हळहळतात आणि म्हणतात, हा विषय माझ्याकडे असता ना तर आजच सोडवला असता. यावर टाळ्या वाजवायच्या असतात.

पैशाचा विषय तर काढूच नका. कोठारी आयोग १९६४ ते ६६ चा, त्यांनी सांगितलं होतं की देशाच्या उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. मग २०२० चं नवीन शिक्षण धोरण आलं, त्यातही लिहिलंय की सहा टक्के करायचेत. आजोबा शाळेत असताना दिलेला शब्द नातू शाळेत गेला तरी तस्साच कोरा करकरीत आहे, कुठे ओरखडा नाही काही नाही. इतकी टिकाऊ वस्तू सरकारी खात्यात दुसरी दाखवा मला.

फीबद्दल बोलायचंच असेल तर एकट्याने उठू नका. फी नियंत्रणाचा कायदा आहे आपल्याकडे, २०११ चा, आणि नंतर त्यात अशी झकास दुरुस्ती झाली की फीविरुद्ध तक्रार करायची तर शाळेचे निदान २५ टक्के पालक एकत्र यायला पाहिजेत. म्हणजे हजार-बाराशे पोरांच्या शाळेत अडीचशे-तीनशे जण. आता तीनशे माणसं लग्नात एका पंगतीला बसवणं सोपं हो, पण तक्रारअर्जावर सही म्हटलं की प्रत्येकाला आपलं पोर मागच्या बाकावर बसवलेलं दिसायला लागतं. पालकांच्या ग्रुपवर टाकून बघा एकदा, 'फीवाढीबद्दल शनिवारी भेटूया का'. दोनशे जण वाचतील, चौघं अंगठा देतील, त्यातले दोघे नंतर तो काढून घेतील आणि लगेच कुणीतरी गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ लिहून पाठवेल म्हणजे विषय वर सरकून जातो. तुमची एकी किती घट्ट आहे हे दुरुस्ती करणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहिती होतं एवढंच.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरिबांच्या पोरांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागांचं विचारू का म्हणाल, तर विचारा, पण कृतज्ञतेने विचारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये किती प्रेमाने नियम बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेने गरिबाच्या पोराला जागा द्यायची गरजच नाही. म्हणजे सरकारला आपल्या शाळांवर केवढा विश्वास! साहेबांची स्वतःची नातवंडं कुठल्या शाळेत जातात हे मात्र विचारायचं नाही हं, तो खासगी प्रश्न झाला, आणि शाळाही खासगीच असते. हायकोर्टाला मेलं हे प्रेम कळलं नाही, मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्दच करून टाकला. मधल्या काळात अ‍ॅडमिशनसाठी तिष्ठत बसलेल्या आईबापांनी ते महिने कसे काढले ते कुणी विचारलं नाही, पण त्यानिमित्ताने सगळ्यांचं अर्ज भरण्याचं प्रॅक्टिस झालं की.

निर्णयांच्या बाबतीत तर तुम्ही जरा दमच धरायला शिका. घाईघाईने विरोध करायला गेलात तर विरोध होईपर्यंत निर्णयच बदललेला असतो आणि तुमचा बॅनर वाया जातो. पहिलीपासून तिसरी भाषा, १६ एप्रिल २०२५ चा जीआर, हिंदी सक्तीची. १७ जूनला दुसरा जीआर, आता सक्तीची नाही, 'सर्वसाधारणपणे' हिंदी, दुसरी भाषा पाहिजे तर वर्गात २० पोरं जमवा. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द आणि वर एक समिती. अडीच महिन्यांत एवढं सगळं, आणि पहिलीतल्या पोराला तेवढ्या वेळात ळ काढायला पण नीट येत नाही हो. गणवेशाचं पण तेच, २०२४ ला 'एक राज्य एक गणवेश' आलं, शाळा जूनमध्ये उघडल्या, पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला तरी कित्येक पोरं जुन्याच शर्टात सलाम ठोकत होती, आणि डिसेंबरात गणवेश द्यायचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं, जिथे ते आधी होतं. कुणाचं काय बिघडलं? पोरं तेवढी वाढली.

अंड्याचं विचारू नका. प्लीज. २०२३ च्या नोव्हेंबरात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे वेगळे पैसे बंद झाले, म्हणजे अंडं बंद नाही बरं का, लोकसहभागातून द्या म्हणाले. लोकसहभाग ही फार सुंदर गोष्ट आहे. साहेबांच्या सत्काराची शाल, श्रीफळ, बुके, ड्रोनवाला, हे सगळं लोकसहभागातूनच होतं आणि दोन तासांत होतं. अंड्याला थोडा वेळ लागतोय.

शिक्षक वर्गावर का नसतात असंही कुणीतरी दरवर्षी विचारतंच. अहो कायदा वाचा. आरटीईत स्पष्ट लिहिलंय की शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं द्यायची नाहीत, फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. आपल्याकडे निवडणूक वर्षातून किती दिवस नसते ते मोजा. शिवाय जो माणूस मतदारयाद्या घेऊन उन्हात दारोदार हिंडतोय त्याच्याच जिवावर साहेब आज स्टेजवर बसलेत, त्यांना त्याच गुरुजींबद्दल तक्रार सांगायची म्हणजे जरा लाज वाटली पाहिजे आपल्याला.

कुटुंब या विषयावर मात्र साहेब स्वतःहून बोलतील. कुटुंब टिकलं पाहिजे, आईने मुलांना वेळ दिला पाहिजे, हल्ली एकच मूल असतं हे काही बरोबर नाही वगैरे. या वेळी मान हलवत राहायचं. गावच्या निवडणुकीला उभं राहायचं तर सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं चालत नाही, सरपंच बाद होतो, झेडपी मेंबर बाद होतो, आमदार-खासदाराला मात्र कितीही चालतात, तर साहेब तुम्ही हे नेमकं कुणाला सांगताय, असला आगाऊपणा करू नका. आणि आईने वेळ कुठून द्यायचा हे तर अजिबात नको. पन्नास माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर पाहिजे असं २०१७ पासून कायद्यात आहे, तुमच्या ऑफिसात नसेल तर तुमच्या ऑफिसात नाही, कायद्यात आहे ना.

आता एक उदाहरण सांगतो म्हणजे कसं वागू नये ते कळेल. अशाच एका संवादाला मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसलो होतो. सातवीतल्या एका मुलीची आई उठली. हातात कागद नाही काही नाही, माईक पण घेतला नाही तिने, सरळ म्हणाली, "साहेब, मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाहीये. जूनपासून नाहीये. कधी बसेल?"

बघा, ही झाली चूक. प्रश्न असा विचारायचाच नसतो की ज्याचं उत्तर तारखेत द्यावं लागेल. मुख्याध्यापक बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र कसलेले, म्हणाले, "ताई, फार छान प्रश्न विचारलात," आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तिथून जे सुरू झाले ते थेट २०४७ च्या विकसित भारतात जाऊन थांबले. एकशे नव्याण्णव वर्षांचा प्रवास अकरा मिनिटांत, मी घड्याळ लावून बघितलं, आणि अख्ख्या वाटेत कडी कुठेच लागली नाही. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "हो, पण कडी?"

मग पीए पुढे झाले. ते म्हणाले ताई निवेदन द्या. आरटीईच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं लिहिलीयेत, कडीबद्दल तिथे काही नाही, म्हणजे कुठल्या हेडखाली टाकायचं ते बघावं लागेल. कुणीतरी वहीतलं पान फाडून दिलं, तिने गुडघ्यावर धरून चार ओळी लिहिल्या, विषय म्हणून 'कडीबाबत' लिहिलं होतं तर पीएनी ते खोडून 'स्वच्छतागृह सुविधा सक्षमीकरणाबाबत' करून दिलं. साहेब तो कागद घेताना फोटो काढला, फोटोग्राफर म्हणाला ताई जरा हसा, ती हसली नाही, म्हणून दुसरा काढला.

संध्याकाळी तो फोटो ग्रुपवर आला, 'पालकांच्या समस्या जाणून घेताना मा. साहेब'. ती त्यात होती. म्हणजे कोपरापर्यंतचा हात होता आणि हातात कागद.

तेव्हा बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण तुमची मुलगी त्या शाळेत असेल तर तिच्या दप्तरात हातभर सुतळी टाकून ठेवा. आतल्या खिळ्याला एक गाठ मारायची, दुसरं टोक हातात धरायचं. आणि मैत्रिणीला बाहेर उभं करायचं, कारण खिळा पण हलतोय.