विकत घेऊन ऐकणारी शेवटची पिढी आपलीच? मला नाही पटत

सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच मेसेज फिरतोय, की हल्लीच्या पोरांना रॅप सोडून काही कळत नाही, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत फक्त पन्नाशीपुढचेच ऐकतात, आणि पैसे मोजून गाणं विकत घेणारी शेवटची पिढी म्हणजे आपली. मी स्वतः पन्नाशीला आलोय, तरी मला हे अजिबात मान्य नाही.

आधी विकत घेण्याचं बघू. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी कपाटभर कॅसेटी होत्या पण त्यातल्या कंपनीच्या, म्हणजे खरोखर विकत आणलेल्या, फार तर वीस. बाकी सगळ्या भरून आणलेल्या! कोरी सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, आणि ती मग मित्राच्या डबल डेकवर अजून तिघांसाठी कॉपी व्हायची. दुकानदाराला पैसे मिळाले, ज्यांनी गायलं-वाजवलं त्यांना त्यातली दमडी मिळाली नाही. तेव्हा कोणालाच त्यात चूक वाटली नाही, मलाही नाही, पण मग आज प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट स्वतःला देऊ नये.

आणि पोरं पैसे देत नाहीत हेही खरं नाही. २०२३ मध्ये जगभरात रेकॉर्डेड संगीताच्या कमाईतला सुमारे ६७ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता, आणि त्यातला मोठा भाग दरमहा पैसे भरणाऱ्यांचा. माझी भाची बावीस वर्षांची आहे, ती पॉकेटमनीतून अ‍ॅपचे पैसे भरते. माझी आई बहात्तरची, ती यूट्यूबवर जाहिराती बघत फुकट ऐकते. दोघी मनापासून ऐकतात. अमेरिकेत तर २०२२ साली एलपी रेकॉर्डी सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. हां, एकेका ऐकण्यामागे कलाकाराच्या हातात फार थोडं पडतं, ती तक्रार रास्त आहे, पण ती कंपन्यांकडे करायची, पोरांकडे नाही.

शास्त्रीयचं म्हणाल तर डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला या, १९५३ पासून चालू आहे, आणि खुर्च्या सोडून भारतीय बैठकीत जाऊन बसा. सॅक मांडीवर घेऊन विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल शांतपणे ऐकणारी कॉलेजची मुलं तिथे दिसतील. त्यातलीच काही एनएच सेव्हन वीकेंडर या रॉक-पॉपच्या महोत्सवालाही जातात, तोही २०१० मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाला. एकाच माणसाला दोन्ही आवडू शकतं ना?

रॅपचं मात्र मला जास्त लागलं. रॅपर एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा पोरगा, तो जे बोलतो ते पुण्याचंच आहे, आपल्या पेठांमधलं नसेल एवढंच. आणि वाईट संगीत हा शिक्का आपल्या आवडत्या गाण्यांवरही बसला होता, हे विसरलात का? १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची, आकाशवाणीवर ती जवळपास बंदच झाली, लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले, आणि शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. तेव्हा हलकी ठरवलेली तीच गाणी आज आपण सुवर्णकाळ म्हणून त्याच ग्रुपवर फॉरवर्ड करतो.