चावी काढली तरी इंजिन चालू: खापर पेट्रोलवर कशाला?

नाशिकच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: 'ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे चावी बंद केल्यावरही इंजिन चालूच राहतं. नवी-जुनी, पेट्रोल-डिझेल, कुठलीही गाडी असो. असं झालं की लगेच बॅटरीची वायर काढा. थोडा वेळ चाललं तरी इंजिनाचं काही बिघडत नाही.' प्रकार खरा आहे, पण त्यावरचं निदान आणि उपाय दोन्ही चुकीचे आहेत.

आधी इथेनॉल. कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोलचं मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) जुनी गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला थांबते, चावी बंद होते, आणि इंजिन खडखडत, बॉनेट हलवत, अडखळत फिरतच राहतं. तेव्हा ठिणगी देणाऱ्या प्लगला करंट नसतो, तरी पेट्रोल पेटत असतं. म्हणजे सिलिंडरच्या आत दुसरं काहीतरी लाल झालेलं असतं: साठलेला कार्बन, चुकीच्या नंबरचा प्लग किंवा व्हॉल्व्हची झिजलेली कड. फिरणारं इंजिन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतं, ते या निखाऱ्यावर पेटतं, म्हणून इंजिन पुन्हा फिरतं. स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, चढवून ठेवला असेल तर विचारायलाच नको.

आता ऑक्टेन बघा, म्हणजे पेट्रोल आपणहून पेटण्याला किती विरोध करतं त्याचा आकडा. कमी ऑक्टेनचं पेट्रोल वेळेआधी आपणहून पेटायला सोपं. आपलं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं, ई-20 हे 95 चं आहे. पेट्रोलची वाफ साधारण 250 ते 280 अंश सेल्सिअसला आपोआप पेटते, इथेनॉलला 360 च्या आसपास जावं लागतं. रॉकेलची भेसळ मात्र ऑक्टेन खाली आणते, तिला दोष दिलात तर हरकत नाही. ई-20 चा एक आडून संबंध लागू शकतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), गाडी स्लोवर थरथरते, आणि मग कोणीतरी स्क्रू पिळून स्लो वाढवून देतं. पण तो दोष सेटिंगचा. ई-20 ने ॲव्हरेज पडतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील खराब होऊ शकतात, या तक्रारी रास्त आहेत. त्यात ही कशाला घुसवायची?

'कुठलीही गाडी असो' हे तर साफ खोटं. इंजेक्शनच्या, म्हणजे विजेवरच्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत चावी बंद झाली की इंजेक्टर बंद, पेट्रोलच येत नाही, मग आत कितीही कार्बन तापलेला असो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर नव्या दुचाकीही बहुतेक सगळ्या इंजेक्शनच्याच. अशी गाडी बंद होत नसेल तर डॅशबोर्डकडे बघा. चावी काढूनही दिवे जळत असतील तर इग्निशन स्विच नाहीतर रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटलाय, किंवा बाहेरून बसवलेल्या अलार्म-कॅमेऱ्याच्या वायरिंगमधून उलटा करंट येतोय. आणि फक्त रेडिएटरचा पंखा फिरत असेल तर ते इंजिन चालू असणं नव्हे. उगाच घाबरू नका.

जुन्या मॅग्नेटवाल्या (इंजिन फिरतं तेव्हा स्वतःच स्पार्कचा करंट तयार करणाऱ्या) स्कूटर-मोपेडचा हिशेब आणखी वेगळा. तिथे चावी बंद करणं म्हणजे करंट तोडणं नसून तो अर्थला जोडणं. ती बारीक वायर हँडलजवळ घासून तुटली की चावी कितीही फिरवा, मॅग्नेट स्पार्क देतच राहतं. आधी ही वायर तपासावी, कार्ब्युरेटर नंतर उघडावा. बऱ्याचदा उलटंच होतं.

डिझेलला तर स्पार्क लागतच नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ब्लोअर ओढणारे जुने ट्रॅक्टर चावीने नव्हे, स्टॉपची दांडी ओढून बंद होतात. ती दांडी पंपाचं डिझेल तोडते. तिची केबल ढिली झाली तर इंजिन चालू राहणारच, त्याचा पेट्रोल पंपाशी काय संबंध?

बॅटरी काढण्याचा सल्ला सगळ्यात घातक. तापलेल्या कार्बनवर चालणाऱ्या इंजिनाला बॅटरी लागत नाही, मॅग्नेटला लागत नाही, जुन्या डिझेलला लागत नाही. वायर काढून ती थांबणार नाहीत. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र चालू इंजिनावर बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. त्यापेक्षा क्लच दाबा, वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट धरा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. हे फक्त गिअरच्या गाडीत जमतं, ऑटोमॅटिकमध्ये नाही.

'काही बिघडत नाही' हेही खरं नाही. पेटण्याची वेळ हाताबाहेर गेलेली असते, पिस्टन आणि बेअरिंगवर आडवेतिडवे धक्के बसतात. एकदा झालं तर धावपळ नको, पण रोज होत असेल तर प्लगचा नंबर बघा, स्लो उतरवा, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा, कार्बन साफ करून घ्या.

एकाच बाबतीत मात्र खरोखर धावपळ करा. टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सील गेलेलं डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं, आवाज चढतच जातो आणि पांढरा-निळसर धूर मावत नाही. तिथे डिझेल तोडूनही उपयोग नाही, हवा तोडावी लागते: एअर इनटेकच्या तोंडावर जाड सपाट फळी दाबून धरायची. हात किंवा फडकं नको, खेच जबर असते. इनटेकपर्यंत सुरक्षित पोचता येत नसेल तर माणसांना लांब न्या आणि स्वतःही लांब व्हा.