‘मुंबईत बसून’ म्हणजे नक्की काय म्हणायचंय? (चिरेखाणीतल्या सिनेमा म्युझियमच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं पण रागात काहीतरी भलतंच लिहून जाईन म्हणून सकाळपर्यंत थांबले, तरी राग पूर्ण गेलेला नाही हे आधीच सांगते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी. ऑस्ट्रियात सोल्डनला गाइसलाखकोगल नावाच्या डोंगराच्या माथ्यावर २०१८ मध्ये जेम्स बाँडच्या सिनेमांचं एक म्युझियम झालं, ‘००७ एलिमेंट्स’. त्यातल्याच ‘स्पेक्टर’चं शूटिंग तिथेच झालं होतं. योहान ओबरमोझर या आर्किटेक्टने ते डोंगरावर ठेवलं नाही, डोंगरात घुसवलं. आत मुद्दाम गार ठेवलंय कारण खालची कायम गोठलेली जमीन वितळायला नको, म्हणजे तिथल्या थंडीशी भांडण नाही, ती थंडीच म्युझियमचा भाग आहे. मी म्हटलं होतं की याच विचाराने आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या बंद पडलेल्या चिरेखाणीत (जिथून जांभ्याच्या लाल दगडाचे चिरे कापतात ती खाण) सिनेमाचं म्युझियम करता येईल, जांभा, अंधार आणि पाऊस वापरून.

त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘लेखिकाबाई, मुंबईत एसीत बसून कोकण डिझाइन करणं सोपं असतं. पावसाळ्यात चिरेखाणीत पाणी भरतं हे माहीत आहे का? त्यांच्याकडे बाँड आहे, आपल्याकडे काय आहे? आणि ३०५० फूट नाही, मीटर. हे सगळं सांभाळणार कोण, विजेचं बिल कोण भरणार?’

म्युझियमच्या उंचीतलं फूट-मीटरचं तुमचं बरोबर. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीये, मनापासून आभार. चूक दाखवली तर मी मान्य करते, एवढं तरी बघा.

आता ते पहिलं वाक्य.

माझा जन्म राजापूर तालुक्यातला. बाबा चिरेखाणीवर मुकादम होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि भाऊ जेवणाचा डबा घेऊन खाणीवर जायचो, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, दुपारी, कातळ इतका तापलेला असायचा की चपलेतून चटके बसायचे. नुकता काढलेला चिरा तुम्ही कधी हातात घेतलाय? ओलसर असतो, नखाने ओरखडा निघतो, आणि भोकांमध्ये पिवळी माती भरलेली असते ती बोटाने काढत बसायचो आम्ही. मग तोच चिरा वारा-ऊन खाऊन असा घट्ट होतो की त्याच्या भिंती आमच्या घराला आजोबांच्या काळापासून उभ्या आहेत. खाणीत उतरलं की चारी बाजूंनी कापलेल्या सरळ भिंती, त्यावर कटरच्या आडव्या रेघा, आणि वर फक्त चौकोनी आभाळ. मला थिएटर ही गोष्ट पहिल्यांदा तिथे कळली, पडदा मी नंतर पाहिला. हे एसीत बसून सुचलेलं नाही.

आणि मुंबईत मी काय करते ते पण ऐका. मी सेट डिझाइन करते. बावीस वर्षं झाली. कोकणातल्या गोष्टी सांगणाऱ्या सिरियलींचे सेट गोरेगावात उभे राहतात आणि जांभ्याची भिंत हवी म्हटलं की मी थर्माकोल कापते, तापलेल्या सळीने भोकं पाडते, वर पीओपीचा हात देऊन गेरू आणि लाकडाचा भुसा मारते. कॅमेऱ्याला कळत नाही. मला कळतं. एकदा एका सेटवर माझ्या माहेरच्या पडवीची हुबेहूब भिंत केली होती, सिरियल अचानक बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी ती लाथा मारून पाडली, टेम्पोत भरली, गेली. त्या दिवशी मी ठरवलं की एकदा तरी खऱ्या चिऱ्यात काम करायचं. तो लेख त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होता. आणि तुम्ही एका ओळीत ‘सोपं असतं’ म्हणून मोकळे झालात. गाव सोडून पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाला गावाबद्दल बोलायचा हक्क नाही असं असेल तर अर्ध्या कोकणाने गप्प बसायला पाहिजे, चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा त्यांना पण हेच सांगता का?

‘लेखिकाबाई’ पण नको. ताई म्हणा, नावाने हाक मारा, पण तो ‘बाई’चा सूर मला प्रॉडक्शनवाल्यांकडून पुरेसा ऐकायला मिळालाय.

आपल्याकडे काय आहे विचारता. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जाऊन या. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढे करत, वीणा-टाळ-हुडूकच्या साथीने रामायण-महाभारत सांगायचं, एक चित्र संपलं की दुसरं. चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर धरून पडद्यावर सावल्या नाचवायच्या. पडदा, उजेड, सावली, आवाज, सिनेमाला अजून काय लागतं? परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. आणि नुसता सिनेमाच हवा असेल तर कोकणात शूट झालेल्या ‘किल्ला’ने २०१४ ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये क्रिस्टल बेअर पुरस्कार घेतला. त्यातला पाऊस आठवून बघा, तो पाऊस बाजूला काढला तर गोष्टच उरत नाही. आमच्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर तो भलामोठा हत्ती कोरलेला आहे, दुपारी गेलात तर धड दिसणार पण नाही, संध्याकाळी ऊन तिरपं झालं की रेघांत सावली भरते आणि हत्ती उठून दिसतो. म्युझियमची पहिली खोली मला तशी हवी आहे. बाकी काही नाही, फक्त जांभ्यात कोरलेली रेघ आणि हळूहळू खाली येणारा एक दिवा. (कातळशिल्पांच्या सड्यावर एक कुदळ पण मारायची नाही, हे मूळ लेखात लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत असं दिसतं.)

पाण्याचं म्हणाल तर हो, भरतं. रत्नागिरीत तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो हे मला शिकवायला नको. पाणी मी उपसणारच नाहीये, तळाला राहू दे, वरून लाकडी साकव (छोटा पूल) घालायचा आणि भिंतीवरचं चित्र खाली पाण्यात हलताना दिसू दे. जून ते सप्टेंबर छपराच्या पत्र्यावरचा आवाज हाच साउंडट्रॅक. जुन्या फिल्म तिथे ठेवायच्याच नाहीत, दमट हवेत ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आकसून वाया जाते, त्या पुण्याच्या फिल्म आर्काइव्हमध्येच बऱ्या. इथे फक्त प्रोजेक्शन.

विजेचं बिल आणि सांभाळणार कोण वगैरे, ते ठरेल हो. प्रत्येक गोष्टीत आधी बिल विचारायचं म्हटलं तर देवळं पण बांधली गेली नसती.

जूनच्या शेवटी मी घरी जाणार आहे. बाबांच्या जुन्या खाणीत पाणी कुठपर्यंत चढतं ते भिंतीवर खडूने खुणा करून आठवडाभर बघायचंय. तुम्ही जवळपासचे असाल तर या, घरी जेवायला पण या. गमबूट मात्र स्वतःचे आणा, तिथे शेवाळ फार असतं.