रात्री ऑलिव्ह ऑइल, सकाळी हिरवे खडे: त्या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

आला परत तो पित्ताशयातले खडे पाडायचा मेसेज. दर काही महिन्यांनी येतोच, कधी चिनी डॉक्टरांच्या नावाने, कधी कोणाच्या तरी "स्वतःच्या अनुभवाने". ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा ज्यूस, सहाव्या दिवशी रात्रीचं जेवण नाही, संध्याकाळी सहाला आणि परत आठला पाण्यातून एप्सम सॉल्ट (जुलाबाचं मीठ), आणि दहाला अर्धा कप ऑलिव्ह ऑइलमध्ये लिंबाचा रस ढवळून एका दमात पिऊन झोपायचं. सकाळी संडासात हिरवे खडे तरंगताना दिसतील, कोणाचे चाळीस, कोणाचे शंभर. पित्ताशय साफ, ऑपरेशन कॅन्सल.

एरवी सोडून दिलं असतं. पण या वेळी मेसेजखाली दोघा-तिघांनी "डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आधी हे करून बघतो" असं लिहिलंय, म्हणून बसलो लिहायला.

"खडे पडताना डोळ्यांनी दिसतात, अजून काय पुरावा पाहिजे?"

दिसतात, खरंच दिसतात, कोणी खोटं बोलत नाहीये. प्रश्न एवढाच आहे की ते कसले आहेत, आणि हे तपासून झालेलं आहे. 2005 साली न्यूझीलंडमधल्या दोघांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. त्यांच्याकडे चाळीस वर्षांची एक बाई आली होती, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली जोरात दुखायचं, सोनोग्राफीत 1-2 मिलिमीटरचे बरेच खडे दिसलेले. तिने कोणाच्या तरी सल्ल्याने संध्याकाळी सहापर्यंतचा दिवस नुसत्या सफरचंदाच्या आणि भाज्यांच्या रसावर काढला आणि मग काही तासांत 600 मिली ऑलिव्ह ऑइल आणि 300 मिली लिंबाचा रस पोटात ढकलला (मेसेजमधलं अर्धा कप त्यापुढे काहीच नाही). दुसऱ्या दिवशी हिरवट, अर्धवट घट्ट असे "खडे" पडले. तर या बाईने ते गोळा करून फ्रीझरमध्ये ठेवले आणि डॉक्टरांना नेऊन दाखवले. मला तर तिचं कौतुकच वाटतं, कारण मेसेज पाठवणाऱ्या हजारो लोकांपैकी एवढं कोणी केलेलं मी तरी ऐकलं नाही.

लॅबमध्ये काय सापडलं? मायक्रोस्कोपखाली खड्यात जी स्फटिकांची रचना दिसायला हवी ती नाही. 40 अंश सेल्सिअसला 10 मिनिटं ठेवल्यावर वितळून हिरवं तेल झालं, म्हणजे सणकून ताप आलेल्या माणसाच्या अंगात जेवढी उष्णता असते तेवढ्यात. पित्ताचे खडे बऱ्याचदा ज्याचे बनतात ते कोलेस्टेरॉल वितळायला 148 अंशाच्या आसपास लागतात, सांगायचा मुद्दा हा. कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही, आणि 75 टक्के भाग फॅटी ॲसिड. मग त्यांनी उलटा प्रयोग केला. ऑलिव्ह ऑइलमध्ये मुख्यतः असतं ते ओलिक ॲसिड घेतलं, तेवढाच लिंबाचा रस घातला, त्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि भांड्यात पांढऱ्या गोळ्या तयार झाल्या, हवेत सुकल्यावर टणक. साबण हो, दुसरं काय. पोटात तेल फुटून फॅटी ॲसिड सुटतं, लिंबात पोटॅशियम भरपूर, दोघांचा मिळून साबण बनतो आणि पित्ताचा रंग लागून हिरवा होतो. त्या बाईचे खरे खडे होते तिथेच होते, ते नंतर दुर्बिणीच्या ऑपरेशननेच काढले.

तरंगण्याचंही तेच. मेसेजमध्ये "तरंगतात म्हणजे कोलेस्टेरॉलचे" असं ठासून लिहिलेलं असतं, पण कोलेस्टेरॉल पाण्यापेक्षा जड आहे, पित्ताशयातले बहुतेक खडे पाण्यात बुडतात. तरंगते ती चरबी. आणि जरा हिशोब तरी करा, पित्ताशयाची क्षमता 30 ते 50 मिली, एक सेंटिमीटरच्या शंभर गोळ्या म्हणजे 50 मिलीच्या वर, म्हणजे पित्ताशयात पित्ताचा थेंब मावायला जागा नको आणि वर ते सगळं एका रात्रीत, झोपेत, जराही न दुखता बाहेर यायला हवं.

"ज्यूसमधल्या मॅलिक ॲसिडने खडे मऊ पडतात"

ज्यूस पित्ताशयात जातच नाही. तो जठरातून आतड्यात जातो, तिथून शोषला जातो, मॅलिक ॲसिड पेशींमध्ये ऊर्जा बनवण्याच्या साखळीत वापरलं जातं आणि विषय संपतो. पित्ताशय भरतं ते लिव्हरकडून आलेल्या पित्ताने.

इथे हमखास कोणीतरी विचारतं की मग मुतखडा कसा पाणी पिऊन पडतो, हा का नाही पडणार. चांगला प्रश्न आहे. मुतखडा लघवीच्या वाटेवरच असतो, लघवी वाढली की लहान खडा पुढे सरकतो आणि वाट सरळ बाहेर जाते. पित्ताशयातून निघणारी नळी 2-3 मिलिमीटर रुंद, आत मळसूत्रासारख्या घड्या, पुढे ती लिव्हरच्या नळीला मिळते आणि मग आतड्यात उघडते ते तोंड बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाच्या नळीशी सामायिक. म्हणजे खडा खरंच निघाला तर आनंदाची बातमी नसते, नळीत अडकला की कावीळ, खाली तोंडाशी अडकला की स्वादुपिंडाला सूज. खडा आत गप्प पडून असणं आणि खडा प्रवासाला निघणं यात दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे, आणि मेसेज नेमकी तीच करायला सांगतोय.

"आमच्या ओळखीत एकाने केलं, त्यानंतर एकदाही दुखलं नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सांगणारा माणूस खरं बोलत असतो आणि त्याला उडवून लावणं चुकीचं आहे. दुखणं थांबलं असेल. पण काही न करताही ते थांबलं असतं का, हे त्याला कळायला मार्गच नाही, कळतं ते फक्त तुलना केली की.

आणि तशी तुलना झालेली आहे, तीसुद्धा चक्क ऑपरेशनशी. ब्रिटनमध्ये सी-गॉल नावाची ट्रायल झाली, 2023 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली. खड्यांमुळे दुखतंय पण अजून काही गुंतागुंत नाही असे 434 पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला ऑपरेशनच्या यादीत टाकलं, दुसऱ्याला थांबा, दुखलं तर गोळी घ्या, बघू. 18 महिन्यांनी दोन्ही गटांतल्या दुखण्याच्या मोजमापात म्हणण्यासारखा फरक नव्हता. थांबलेल्या गटातल्या फक्त 25 टक्के लोकांचं तोवर ऑपरेशन झालं होतं. (ऑपरेशनच्या गटातही 67 टक्क्यांचंच झालं होतं, यादी लांब होती, कोविड होता, त्यामुळे हा निकाल जरा जपूनच वाचायला हवा आणि त्यावरून सगळ्यांनी ऑपरेशन पुढे ढकला असं अजिबात निघत नाही.)

पण आपल्या मुद्द्यापुरतं बघा. ज्यांना कुठलाही रस, तेल, मीठ दिलं नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दीड वर्षात निभावून गेलं. पित्ताशयाच्या कळा अशाच असतात, आठवड्यात दोनदा येतील आणि मग सहा महिने नाव नाही. माणूस उपाय कधी करतो, तर दुखणं अगदी टोकाला गेलेलं असताना, त्यानंतर ते उतरणारच असतं, आणि त्या वेळी जे काही पोटात गेलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. त्या 434 जणांतल्या थांबलेल्या गटाला कोणी सफरचंदाचा ज्यूस दिला असता तर आज त्या ज्यूसच्या नावाने केवढा डंका पिटला गेला असता.

"पण नंतरच्या सोनोग्राफीत खडे दिसलेच नाहीत" असंही काही जण म्हणतात. शक्य आहे. पहिल्या सोनोग्राफीत जो दिसला तो खडा नसून नुसता गाळ असेल तर तो आपोआप जातो, गरोदरपणात झालेला गाळ बाळंतपणानंतर बऱ्याचदा जातो. सेफ्ट्रियाक्सोन नावाचं अँटिबायोटिक घेतल्यावर पित्ताशयात खड्यासारखं साठतं आणि औषध बंद झालं की विरघळतं. आणि उपाशीपोटी न जाता खाऊन गेलात तर पित्ताशय आकसलेलं असतं, आतलं नीट दिसत नाही. म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघायला लागतात, आकार किती लिहिलाय, पोझिशन बदलल्यावर हलत होता का, मागे सावली पडत होती का.

"डॉक्टर ऑपरेशनला टपलेले असतात, बिनऑपरेशनचे उपाय दाबून ठेवतात"

दाबले कुठे, उलट जीव तोडून शोधले. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, लहान कोलेस्टेरॉलचे खडे असतील तर विरघळतात, पण सहा महिने ते दोन वर्षं रोज घ्याव्या लागतात आणि पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांत खडे परत येतात. 1985 च्या सुमारास म्युनिकमध्ये मुतखड्यासारखं बाहेरून लहरींनी पित्ताचे खडे फोडून बघितले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये तर लिव्हरमधून बारीक नळी घालून पित्ताशयात एमटीबीई सोडायचे, हेच द्रव्य पेट्रोलमध्येही मिसळलं जायचं, आणि त्याने कोलेस्टेरॉलचे खडे तासाभरात, दिवसभरात विरघळायचेही. एवढं सगळं करून अडचण एकच, खडे बनवणारं पित्ताशय जागेवरच राहतं, ते परत बनवतं.

स्वतःच्या ऑपरेशनचीही हे लोक तपासणी करतात बरं का. 1996 मध्ये शेफिल्डच्या सर्जन मंडळींनी 200 पेशंटमध्ये दुर्बिणीचं ऑपरेशन आणि लहान चिरेचं उघडं ऑपरेशन यांची तुलना केली, दोन्ही गटांच्या पोटावर सारखीच पट्टी लावली, म्हणजे कुठलं झालंय हे पेशंटला आणि नर्सलाही कळू नये. दुर्बिणीचा तेव्हा केवढा गवगवा, आणि निकाल आला की हॉस्पिटलमध्ये राहायचे दिवस आणि कामावर परतायचा वेळ यात फरक नाही. छापलं त्यांनी ते लॅन्सेटमध्ये. 2019 मध्ये नेदरलँड्सच्या सिक्युअर ट्रायलमध्ये 1067 पेशंट होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी वर्षाने पूर्ण दुखणंमुक्त होते 60 टक्के, कडक निकष लावून मगच ऑपरेशन केलेल्यांपैकी 56 टक्के. म्हणजे दहातल्या चौघांना काही ना काही दुखत होतंच. गॅस, पोट फुगणं, ॲसिडिटी ही दुखणी खड्यांची नसतात बऱ्याचदा, ती पित्ताशय काढून जात नाहीत, आणि हे ऑपरेशनच्या आधी पेशंटला स्पष्ट सांगायला हवं. न सांगणारे डॉक्टर आहेत, ती तक्रार रास्त आहे. काहीही त्रास नसताना सहज केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले तर बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, हेही पुस्तकातच लिहिलेलं आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनळीला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण 3 ते 5. कमी आहे, पण ज्याला होते त्याचं आयुष्य बदलतं, त्यामुळे घाबरणाऱ्याला हसू नका.

"पित्ताशय काढलं की पचन कायमचं बिघडतं"

पित्त बनवतं लिव्हर, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय फक्त साठवतं. काढल्यावर पित्त थेट आतड्यात येत राहतं, काहींना पातळ शौचाचा त्रास होतो, बहुतेकांचा कमी होत जातो, थोड्यांना औषध लागतं. पहिलं असं ऑपरेशन बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली केलं, तेव्हापासून माणसं बिनपित्ताशयाची जेवतायत.

"खडे ठेवले की कॅन्सर होतो"

पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतात हे खरं, पण खडे असलेल्या लोकांपैकी फारच थोड्यांना तो कॅन्सर होतो. 3 सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल किंवा पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं असेल तर सर्जनशी त्याबद्दल वेगळं बोला. साबण पिऊन, म्हणजे बनवून, तो धोका कमी होत नाही.

"करून बघायला काय जातंय, साइड इफेक्ट शून्य"

शून्य नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जोरदार जुलाब होतात, आणि किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं, त्याने हृदयाचे ठोके आणि श्वास मंदावू शकतात. पाच-सहा दिवस ज्यूस म्हणजे डायबिटीसवाल्यांची साखर कुठे जाईल सांगायला नको. आणि एकदम एवढं तेल पोटात गेलं की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, पित्ताशय जोरात आवळलं जातं, आत लहान खडे असतील तर तेच नळीत ढकलले जायची भीती.

शिवाय वेळ जातो. पित्ताशयाला सूज आलेल्या 618 पेशंटची जर्मनीतली ट्रायल 2013 ला आली, भरती झाल्यापासून 24 तासांत ऑपरेशन केलेल्यांमध्ये त्रास-गुंतागुंत 11.8 टक्के, अँटिबायोटिकवर ठेवून काही आठवड्यांनी केलेल्यांमध्ये 34.4 टक्के. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आलेल्यांची डच ट्रायल 2015 ची, त्याच भरतीत पित्ताशय काढलं तर खड्यांमुळे परत भरती किंवा मृत्यू 5 टक्के, घरी पाठवून महिनाभराने बोलावलं तर 17. या दोन गटांत मोडणाऱ्यांसाठी तर "आधी हे करून बघतो" हे वाक्यच महागात पडणारं आहे.

आणि हे वाचायच्या आधीच कोणी पिऊन बसलं असेल तर उजव्या बरगडीखालचं किंवा पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं चार-पाच तासांत उतरत नसेल, थंडी वाजून ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, सारख्या उलट्या होत असतील, यातलं काहीही असेल तर खडे पडायची वाट बघत बसू नका, रात्रीच कॅज्युअल्टी गाठा आणि तिथे काय काय प्यायलात ते सगळं सांगा, एप्सम सॉल्टसकट.