शिरोडकरही बघते : ‘शाळा’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

‘शाळा’बद्दल प्रेक्षक काय बोलतात, या विषयावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश आधी देतो. तुमचं म्हणणं असं, की या सिनेमाचं कौतुक मुख्यतः पन्नाशी ओलांडलेले पुरुष करतात, कारण त्यांना त्यात स्वतःची नववी दिसते. मुलीच्या मागे फिरणं त्यात गोड करून दाखवलंय, नववीतल्या नायकाला, मुकुंदला, आवडणाऱ्या शिरोडकरला स्वतःचं मन नाही, आणीबाणी नुसती नावाला आहे, आणि पुढे जातीचं वास्तव दाखवणारा ‘फँड्री’ आला तेव्हा असल्या सिनेमांचं पितळ उघडं पडलं. तुम्ही नववी-दहावीच्या वर्गांना शिकवता, त्या वयाच्या मुलींना काय सोसावं लागतं ते रोज बघता. म्हणून तुमचा राग मला परका वाटला नाही. पण सिनेमाबद्दलचं तुमचं मत मला पटलेलं नाही.

पहिली गोष्ट, सिनेमा आणि त्याचा प्रेक्षक यांना तुम्ही एकाच मापाने मोजलंय. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची. सुजय डहाके यांनी तिच्यावरून सिनेमा केला, तो जानेवारी २०१२मध्ये प्रदर्शित झाला. गोष्ट घडते १९७५-७६मध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या जन्माच्याही आधी. त्यांचा हा पहिलाच सिनेमा, आणि छायाचित्रण डिएगो रोमेरो या परदेशी माणसाचं. आपल्या शाळेच्या आठवणी काढून डोळे पुसावेत असं या दोघांकडे त्या काळातलं काही नव्हतंच. पडद्यावरच्या त्या हिरव्या, ओल्या गावाकडे आणि शाळेच्या आवाराकडे ते पहिल्यांदाच बघताहेत. डोळे भरून येतात ते आपले. तो हळवेपणा आपण घरून घेऊन जातो आणि बाहेर पडताना ‘सिनेमा किती हळवा आहे’ म्हणतो.

माझ्या लेखात मी ज्या प्रेक्षकांची मतं दिली त्यांत कादंबरी पाठ असलेलेही होते, आणि ते बहुतेक नाराज होते. मुकुंदच्या डोक्यात सतत चाललेली बडबड, शिक्षकांची त्याने केलेली पारख, त्याचे हिशेब, यांतलं बरंच पडद्यावर आलेलं नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत ‘शाळा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, अविनाश देशपांडे यांना आधारित पटकथेचा पुरस्कारही मिळाला, तरी वाचकांची ही तक्रार मिटलेली नाही. मला मात्र त्या बडबडीच्या जागी आलेली शांतता जास्त बोलकी वाटते. तिचा संबंध तुमच्या मुख्य आक्षेपाशी आहे.

त्या वर्गात मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे. उघडपणे बोललं की बोभाटा. घरात या विषयावर बोलायची सोय नाही. एक नरूमामा आहे, ज्याला काही विचारता येतं. शाळेत शिक्षक आहेत आणि छडी आहे. अशा ठिकाणी चौदा वर्षांच्या मुलाला मुलगी आवडली तर त्याने करायचं काय? तो बघतो. बघण्याखेरीज त्याच्या हातात काही ठेवलेलंच नाही. ‘लाइन देणं’ हा सगळा खटाटोप त्या बंदीतून आलेला आहे, आणि सिनेमा ही बंदी दर प्रसंगात दाखवतो. मुलींनाही तिचा जाच आहे, कदाचित जास्तच. एखाद्या मुलाशी दोन शब्द बोलल्याची किंमत मुलाला पाठीवर मोजावी लागते, मुलीला घराबाहेर पडण्याच्या परवानगीत.

मागे फिरणं गोड करून दाखवलंय, असं तुम्ही म्हणता. मग मुकुंदच्या मित्राचं, सुऱ्याचं काय? सुऱ्या केवडा या मुलीला सरळ जाऊन विचारतो. ती घाबरते, प्रकरण शाळेपर्यंत जातं, त्याला बेदम मार बसतो. तो सगळा भाग सिनेमात आहे, आणि त्याच्याआधी मित्रांनी केलेली चेष्टा तिथे एकदम गळून पडते. मुलांना जे धाडस वाटत होतं ते मुलीला संकट वाटलं, हे मुकुंदला तिथे दिसतं. त्यानंतर तो शिरोडकरच्या बाबतीत किती सांभाळून वागतो ते पुन्हा एकदा बघा. पाठलागाला बक्षीस देणारा सिनेमा सुऱ्याची गोष्ट इतक्या जवळून सांगत बसला नसता. तुमचा आक्षेप २०१४च्या ‘टाइमपास’ला लावलात तर मी लगेच मान्य करेन. प्राजक्ताच्या मागे दगडूने फिरणं हाच तिथे विनोदाचा मुख्य ऐवज आहे.

आता शिरोडकर. कादंबरी मुकुंदच्या तोंडून सांगितलेली आहे, त्यामुळे शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याला दिसेल तेवढीच. सिनेमाला ती मर्यादा पाळायची सक्ती नव्हती आणि कॅमेऱ्याने ती पाळलेली नाही. शिरोडकर झालेल्या केतकी माटेगावकरचा चेहरा बघा. मुकुंद बघतोय हे तिला त्याच्या मित्रांच्याही आधी कळलेलं आहे. ती नजर चुकवते, मग स्वतः ठरवून त्याच्याकडे बघते. बोलायचं की नाही हेही तीच ठरवते, आणि बोलते तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त शहाणपणाने बोलते. अंशुमन जोशीने केलेला मुकुंद तिच्यासमोर प्रत्येक वेळी अर्ध्या वाक्यात अडकतो. शेवटी तिचं कुटुंब गाव सोडून जातं तेव्हा तिला कुणी काही विचारलेलं नसतं. मुकुंदचं दुःख आपण बघतो. तिचं दुःख बघायची जागा सिनेमाने ठेवलेली नाही, एवढं मात्र मीही म्हणेन. तिच्या बाजूने कुणीतरी हा सिनेमा पुन्हा करावा, असं मला मनापासून वाटतं. पण मन नसलेली मुलगी म्हणाल तर माझा विरोध आहे. त्या वर्गातला सगळ्यात धीट जीव तीच आहे.

‘फँड्री’बद्दल मात्र तुम्ही जे लिहिलंय त्याच्याशी मी बराचसा सहमत आहे, फक्त निष्कर्ष वेगळा काढतो. नागराज मंजुळे यांच्या त्या सिनेमात जब्यालाही वर्गातली शालू आवडते, तोही लांबूनच बघतो. पण त्याच्या कुटुंबाला शाळेजवळ डुक्कर पकडावं लागतं, वर्गातली मुलं बघून हसतात, राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. मुकुंदवर असली वेळ येण्याची शक्यताच नाही. त्याच्या घरी नोकरी करणारे वडील आहेत, समजून घेणारी माणसं आहेत, त्याच्या आडनावाकडे कुणी वळून बघत नाही. ‘ही आपल्या सगळ्यांच्या शाळेची गोष्ट’ असं ‘शाळा’बद्दल सर्रास बोललं जातं. यातल्या ‘सगळ्यांच्या’वर तुम्ही बोट ठेवलंत ते योग्यच. ज्यांना शाळेच्या आठवणीने पोटात कळ येते, ज्यांना वर्गात वेगळं बसवलं, ज्यांची शाळा सातवीतच सुटली, त्यांना त्या ‘सगळ्यां’त कुणी धरलेलं नसतं. पण हा दावा प्रेक्षकांचा आहे. सिनेमा एका मध्यमवर्गीय मुलाची गोष्ट सांगतो आणि त्याचं घर, त्याची भाषा, त्याच्या चिंता, काहीही लपवत नाही. ‘फँड्री’ने ‘शाळा’ खोटा ठरवला असं मला वाटत नाही. ‘पहिलं प्रेम सगळ्यांचं सारखंच असतं’ असं म्हणायची सोय मात्र त्याने बंद केली, आणि ती कधीतरी बंद व्हायलाच हवी होती.

आणीबाणीचा मुद्दा खरा कठीण आहे. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात नववीतल्या मुलाला काय दिसत होतं? भिंतींवरच्या घोषणा, वीस कलमी कार्यक्रम, ‘अनुशासन पर्व’. मोठी माणसं दार लोटून बोलायची. डिसेंबर १९७५मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या, त्याची खबर अशा मुलापर्यंत पोचली तरी घरातल्या कुजबुजीतूनच. म्हणून आणीबाणी पार्श्वभूमीला राहणं मुकुंदच्या वयाला धरून आहे. शिस्तीच्या नावाखाली वर्गात चालणारा मार आणि तीच शिस्त देशभर, हे कादंबरीत आपोआप जुळत जातं. सिनेमात ते अर्धवट राहिलं. आज विशीत असलेल्या प्रेक्षकाला मोठी माणसं आवाज का खाली करतात हे कळतच नाही. याबाबत ‘शाळा’ कमी पडतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

एक विनंती करतो. जमलं तर हा सिनेमा तुमच्या वर्गातल्या मुलामुलींना एकत्र बसवून दाखवा, आणि सुऱ्या-केवड्याच्या प्रसंगानंतर थांबवून मुलींना आधी बोलू द्या. त्या काय म्हणाल्या ते नावं न देता कळवा. माझ्या मूळ लेखात पुरुषांचीच मतं जास्त आली आहेत, त्यांच्या शेजारी ते छापायची माझी इच्छा आहे, मग ते माझ्या मताच्या विरुद्ध असलं तरी.